जुन्या दांड्याच्या कॉफी मशीनचे पार्ट: कोल्हापुरात काय मिळतं, काय करून घ्यायचं आणि काय बाहेरूनच आणायचं

राजारामपुरीतून एकांचा प्रश्न आला आहे. मामांकडून त्यांच्याकडे ला पावोनी कंपनीचं युरोपिकोला हे दांड्याचं जुनं एस्प्रेसो मशीन आलं आहे. दांडा खाली असतानाही कॉफी पडते त्या तोंडातून पाणी ठिबकतं, वर रॉडजवळून वाफ फुसफुसते, दोन स्विचपैकी एकच चालतो, पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी तडकली आहे आणि तळाची प्लेट वाचता येत नाही. भारतात सर्व्हिस सेंटर सापडत नाही. "पार्ट कुठे मिळतील, की शोकेसमध्ये ठेवून देऊ?" असं ते विचारतात.

शोकेसमध्ये ठेवू नका. हे मशीन दुरुस्त होण्यासारखं आहे, आणि तुम्ही कोल्हापुरात आहात हा तर फायदाच आहे.

पार्ट मिळत नाहीत ही मुळात अडचणच नाही. ला पावोनी १९०५ साली मिलानमध्ये सुरू झाली, २०१९ मध्ये स्मेग या इटालियन कंपनीने ती घेतली, आणि १९६१ पासून निघणारं युरोपिकोला आजही बनतं. इटली, जर्मनी, इंग्लंडमधले विक्रेते जुन्या मॉडेलचे पार्टही ठेवतात. अडचण दोन ठिकाणी येते. नेमका कुठला पार्ट मागवायचा हे नक्की ठरत नाही. आणि तीनशे रुपयांच्या रबरासाठी कुरिअर आणि कस्टम मिळून त्याच्या कितीतरी पट पैसे जातात. म्हणून आधी मशीन ओळखायचं, मग प्रत्येक पार्ट इथे मिळणारा, करून घ्यायचा की बाहेरून आणायचा ते ठरवायचं. इतकं झालं की बाहेरून आणायची यादी चार-पाच वस्तूंवर येते.

ओळखायचं कसं? प्लेट पुसट आहे, तर बास्केट, म्हणजे कॉफीपूड भरायची जाळीची वाटी, मोजा. २००० सालाच्या सुमारास कंपनीने ग्रुप, म्हणजे दांडा, पिस्टन आणि कॉफीचं तोंड असलेला भाग, बदलला. त्याआधीच्या मशीनला ४९ मिलिमीटरची बास्केट बसते, नंतरच्याला ५१ ची. व्हर्निअर आतल्या काठाला लावा, बाहेरच्या कडेला नको. तुमच्याकडे दोन स्विच आहेत म्हणजे मशीन बहुधा जुन्या पिढीचं, पण बहुधावर ऑर्डर देऊ नका. मधल्या काळात कुणी ग्रुप बदललेला असू शकतो. जुन्या आणि नव्या ग्रुपची पिस्टन सील, तोंडाची गॅस्केट, जाळी, बास्केट यातलं काहीही एकमेकांना बसत नाही. लोकांचे पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात.

दुसरी ओळख व्होल्टेजची, आणि ती प्लग लावण्याआधी करायची. मामांनी मशीन युरोपातून आणलं असेल तर काळजी नाही. अमेरिकेतून आणलं असेल तर ते १२० व्होल्टचं असणार. मल्टिमीटर घ्या, हीटरच्या वायरी सोडवा आणि ओहम मोजा. दोन स्विचच्या जुन्या युरोपिकोलात लहान आणि मोठा असे दोन हीटर असतात, साधारण २०० आणि ८०० वॉटचे. २३० व्होल्टचे असतील तर लहान २६५ ओहमच्या आसपास दाखवेल आणि मोठा ६६ च्या. १२० व्होल्टचे असतील तर तेच आकडे ७२ आणि १८ होतात. एकच हीटर मोजून ७० च्या आसपास आकडा आला, तर तो इकडचा मोठा की अमेरिकेचा लहान हे कळणार नाही, म्हणून दोन्ही मोजा. एकाचं रीडिंगच आलं नाही तर तो आतून तुटला आहे आणि तुमच्या न चालणाऱ्या स्विचचं कारण तेच. दोन्ही नीट आले तर दोष स्विचमध्ये किंवा करपलेल्या टर्मिनलमध्ये आहे. ते काम इथेच तासाभरात होतं.

१२० व्होल्टचं मशीन आपल्या लाइनवर लावलं तर १००० वॉटऐवजी साडेतीन हजारांच्या वर वॉट खेचतं. हीटर तर जातोच, वायरिंगही पेटू शकतं. अशा मशीनला किमान १५०० व्हीएचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावा किंवा २३० व्होल्टचा हीटर बसवा. मशीन कायम वापरायचं असेल तर मी हीटर बदलायला सांगतो.

ओहम बरोबर आले तरी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावल्याशिवाय हीटर पास करू नका. ५०० व्होल्टच्या मेगरवर हीटर आणि बॉडी यांच्यात एक मेगाओहमपेक्षा कमी दाखवलं तर आत ओल शिरली आहे. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनमध्ये हे नेहमीचंच. बाहेर काढून मंद उष्णतेवर काही तास वाळवा आणि पुन्हा मोजा. बरेचदा आकडा वर येतो. येत नसेल तर तो हीटर वापरायचा नाही. मशीन नेहमी अर्थिंग असलेल्या तीन पिनच्या सॉकेटला, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) मागेच लावा. इथे तडजोड नको.

आता गळतीकडे येऊ. पार्ट मागवण्याआधी गळती कुठून होते ते वाचता आलं पाहिजे. या ग्रुपमध्ये पिस्टनवर दोन रबरी सील असतात, ओठासारखी पातळ कड असलेली आणि एकमेकींकडे पाठ करून बसवलेली: वरचीचा ओठ वर, खालचीचा खाली. दांडा खाली असतो तेव्हा पिस्टनच्या वरच्या जागेत बॉयलरचं गरम पाणी असतं आणि ते वरची सील अडवते. तेव्हा ठिबकत असेल, म्हणजे तुमच्यासारखं, तर वरची सील गेली. दांडा ओढताना दाब जाणवत नसेल किंवा पाणी उलट वर जात असेल तर खालची. रॉडजवळून वाफ येत असेल तर दोष पिस्टनचा नाही, वरच्या टोकाला रॉडला धरून बसलेल्या ओरिंगचा. बास्केट धरणाऱ्या हँडलच्या कडेने कॉफी उडत असेल तर तोंडाची गॅस्केट. तुमच्या मशीनमध्ये पहिली आणि तिसरी खूण आहे, पण ग्रुप उघडलाच आहे तर चारही रबरं बदला. सगळ्यांचं वय सारखंच आहे.

सील बसवताना एक चूक हटकून होते. दोन्ही ओठ एकाच दिशेला घातले जातात, मशीन पहिल्या दिवसापासून गळतं आणि दोष नव्या सीलवर येतो. जुनी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. बसवताना ओठ सिलिंडरच्या कडेला अडकून दुमडतो. स्क्रूड्रायव्हरने ढकलू नका, बोथट लाकडी काडी फिरवत आत घ्या. आणि रॉडला पकड लावायची नाही. रॉडवर एक ओरखडा पडला की नवी ओरिंग महिनाभरात कापली जाते. शिकंज्यात धरायचाच असेल तर ॲल्युमिनिअमचे किंवा तांब्याचे गाल लावून धरा.

उद्यमनगर-लक्ष्मीपुरी भागात सील आणि ओरिंग विकणारी दुकानं भरपूर आहेत, कारण शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या आणि आसपासचे साखर कारखाने यांना रोज ती लागतात. म्हणून तिथे पिस्टनची सील दाखवून "अशीच द्या" म्हणायचा मोह होतो. आकाराला जुळणारी सील मिळेलही. पण हायड्रॉलिकची ओठाची सील बहुतेक वेळा पॉलियुरेथेनची असते. तेलात ती उत्तम चालते, गरम पाण्यात मात्र तिच्या रेणूंची साखळी तुटत जाते. काही आठवड्यांत ती चिकट होते, मग तुकडे पडून कपात येतात. दुसरी मिळते ती नायट्राइल रबरची. तिची झेप शंभर अंशांच्या आसपास संपते. तुमच्या बॉयलरमध्ये ०.८ बारला ११७ अंश, १ बारला १२० अंश तापमान असतं. इथे ईपीडीएम नावाचं रबर लागतं, ते गरम पाण्यात आणि वाफेत टिकतं. साधं व्हायटन रबर महाग असलं तरी वाफेत टिकत नाही, त्यामुळे "सगळ्यात भारी घ्या" म्हणून ते घेऊ नका. कुकरची गॅस्केट कापून लावण्याचा सल्लाही मिळेल. तो ऐकू नका.

म्हणून पिस्टनची दोन सील बाहेरूनच मागवा. ओरिंग मात्र इथे घेता येतात, दोन अटींवर.

पहिली अट मापाची. जुनी ओरिंग मोजून काही कळत नाही, ती चपटी आणि कडक झालेली असते. खाच मोजा: खाचेची खोली, रुंदी आणि रॉडचा व्यास. इटालियन मशीनमध्ये १.७८ आणि २.६२ जाडीच्या ओरिंग बऱ्याचदा असतात. इथल्या दुकानात जपानी मापाची २.४ ची मिळते, डोळ्यांना ती २.६२ सारखीच दिसते. खाच २.१ खोल असेल तर २.६२ ची ओरिंग सुमारे २० टक्के दबते, २.४ ची साडेबाराच. थंड पाण्यात दोन्ही धरतील, तापल्यावर दुसरी गळेल. म्हणून दुकानदाराला आतला व्यास आणि जाडी असे दोन्ही आकडे सांगा, नमुना दाखवून घेऊ नका.

दुसरी अट मालाची. नायट्राइल आणि ईपीडीएम दोन्ही काळी. काउंटरवर बघून कुणालाच फरक कळत नाही. एक जादा ओरिंग विकत घ्या, जाडी मोजा आणि रात्रभर डिझेलमध्ये टाका. सकाळी फुगून मोठी झालेली दिसली तर ती ईपीडीएम. जशीच्या तशी राहिली तर नायट्राइल. तपासलेली फेकून द्या. पाच-दहा रुपयांत खात्री होते.

याच कारणाने ईपीडीएमला ग्रीस, व्हॅसलीन किंवा गोडेतेल लावायचं नाही. तेलाने तेही फुगतं, शिवाय गोडेतेल खवट होतं. खाण्याच्या उपकरणांना चालणारी सिलिकॉन ग्रीस घ्या, मोलिकोट १११ सारखी, आणि बोटाला जेमतेम लागेल इतकीच वापरा. तोंडाची गॅस्केट सिलिकॉन रबरची घेतली असेल तर तिला ती ग्रीससुद्धा नको; सिलिकॉनवर सिलिकॉन ग्रीस लावली की रबर फुगतं.

काचनळीसाठी परदेशात जायची अजिबात गरज नाही. प्रयोगशाळेचं काचसामान विकणाऱ्यांकडे बोरोसिलिकेट नळी मिळते. बाहेरचा व्यास, भिंतीची जाडी आणि लांबी द्या. दोन्ही टोकं ज्योतीवर गोल करून मागा, नाहीतर कापलेली धार वॉशर चिरते. लांबी मुळापेक्षा मिलिमीटरभर कमी ठेवा, म्हणजे तापल्यावर पितळ आणि काच यांना हलायला जागा राहते. नट हाताने आवळून वर पाव फेरा, बस्स. तुमची नळी तडकली ती बहुधा कुणीतरी पान्याने आवळल्यामुळेच. काचेची जाडी मूळच्यापेक्षा कमी नको आणि तिच्यावरचं पत्र्याचं कवच काढून मशीन चालवू नका.

आट्यांच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. इटालियन मशीनमधल्या पाण्या-वाफेच्या जोडांचे आटे बहुतेक बीएसपी (ब्रिटिश पाइप माप) असतात आणि आपल्याकडचं प्लंबिंगही बीएसपीच आहे. पाव इंची बीएसपीचा बाहेरचा व्यास १३.१६ मिलिमीटर आणि इंचाला १९ आटे. एक अष्टमांश इंचीचा ९.७३ आणि २८ आटे. पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) लावून बघा. पाव इंची एनपीटीला (अमेरिकन पाइप माप) इंचाला १८ आटे असतात आणि कोनही वेगळा. ते दोन फेरे गोड बसतं आणि मग पितळाचे आटे खातं. काही ठिकाणी मेट्रिक बारीक आटेही सापडतात, त्यामुळे प्रत्येक जोड वेगळा मोजा. साखर कारखान्यांना वाफेचं सामान पुरवणाऱ्या दुकानात प्रेशर गेज, टेफ्लॉन वॉशर, तांब्याचे वॉशर मिळतील. गेज शून्य ते अडीच किंवा तीन बारचाच घ्या. दहा बारच्या गेजवर तुमचा एक बार काट्याच्या जाडीत हरवतो.

लेथवर काय करून घ्यायचं? नॉब, दांड्याची मूठ, वाफेच्या नळीचं टोक, प्लग, रॉडची पिन. उद्यमनगरच्या टर्नरला नमुना आणि मापाची चिठ्ठी दिली की हे काम हमखास होतं. त्याला एकच गोष्ट ठासून सांगा. दुकानात पडलेली पितळी सळई फ्री-कटिंग असते आणि तिच्यात दोन-तीन टक्के शिसं असतं. नॉबला ती चालेल. पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या पार्टसाठी ३०४ किंवा ३१६ स्टेनलेस द्या. कापायला वेळ लागतो म्हणून टर्नर कुरकुरेल, तरी तेच द्या. फुटलेली बेकेलाइटची मूठ शिसवीतून कातून घेता येते, फक्त आत पितळी बुश बसवून आटे बुशमध्ये पाडा. लाकडातले आटे दोन महिने टिकत नाहीत.

डाख द्यायचा प्रसंग आला तर गुजरीत किंवा हुपरीत चांदीचं काम करणारे हात फार तयारीचे आहेत. पण सराफी डाखात कॅडमियम असू शकतं. वाफेच्या आणि पाण्याच्या जोडाला कॅडमियम नसलेलाच चांदीचा डाख हवा, त्यासाठी सळी स्वतः विकत घेऊन द्या. क्रोम उडालेलं असेल तर बाहेरून प्लेटिंग करता येतं. ग्रुपच्या आत आणि बॉयलरच्या आत काहीही चढवू नका. सिलिंडरमध्ये प्लेटिंगची जाडी वाढली तर नवी सील बसणार नाही.

हीटर जळालाच असेल तर दोन वाटा आहेत. तुमच्या मॉडेलचा तयार हीटर बाहेरून मिळत असेल तर तोच घ्या, पैसे जास्त गेले तरी चालतील. नाही मिळाला तर पुण्या-मुंबईकडे ऑर्डरप्रमाणे ट्यूब्युलर हीटर बनवणारे आहेत. त्यांना वॉट, व्होल्ट, नळीचा व्यास, गरम होणारी लांबी, बसण्याची पितळी चकती आणि तिचे आटे असं सगळं द्या. लांबी कमी करून तेवढेच वॉट भरू देऊ नका, त्याने नळीच्या पृष्ठभागावर क्षार भराभर बसतात आणि हीटर पुन्हा जातो. तळाचा मोठा नट छिन्नी-हातोड्याने सोडवायचा नाही. त्याच्या खाचांत बसेल असा पाना जाड पट्टीतून कापून घ्या. उद्यमनगरात हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता जे लेथवर किंवा दुकानात कधीच करायचं नाही ते. सेफ्टी व्हॉल्व्ह. जुन्या दोन स्विचच्या मशीनमध्ये प्रेशरस्टॅट (दाब वाढला की हीटर बंद करणारा स्विच) नसतो: मोठ्या हीटरवर तापवायचं, व्हॉल्व्ह फुसफुसला की लहानावर यायचं. म्हणजे दाब मर्यादेत ठेवणारी शेवटची वस्तू तोच. त्याची स्प्रिंग ताणून, वॉशर घालून, "थोडा कडक" करून चालत नाही. क्षारांनी अडकला असेल तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून साफ करा; तरी मोकळा होत नसेल तर मूळ कंपनीचाच नवा आणा. लग्नातल्या कॉफी मशीनचा व्हॉल्व्ह दिसायला सारखा असतो आणि आटेही कधी जुळतात. तो लावू नका, त्याचं दाबाचं माप वेगळ्या बॉयलरसाठी ठरलेलं असतं.

क्षार काढायला लिटरभर पाण्यात २० ते ३० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, पुरतं. अर्धा-पाऊण तास ठेवा, मग तीनदा धुवा. रात्रभर भिजवू नका. आम्ल पितळही खातं आणि उघड्या पडलेल्या पितळातून शिसं पाण्यात येतं. क्रोमला ते लागू देऊ नका. पुढे बोअरचं पाणी या मशीनला घालायचं नाही.

सगळं जोडल्यावर थेट वीज देऊ नका. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी त्याच आट्यांचा प्लग लावा, बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरा, दांडा खाली ठेवा आणि प्लंबरकडच्या हातपंपाने दीड बारपर्यंत दाब द्या. दहा मिनिटं काटा हलला नाही तर ठीक. ही चाचणी हवेने कधीही करू नका; दाबलेल्या हवेत ऊर्जा साठते, जोड सुटला तर तुकडे उडतात, पाण्यात नुसतं ठिबकतं. मग प्लग काढून व्हॉल्व्ह आठवणीने परत बसवा आणि तापवा. पहिले दोन बॉयलर पाणी फेकून द्या. काचनळीत पाणी दिसेनासं झालं की लगेच बंद करा, कारण जुन्या मशीनचे हीटर मुख्यतः कोरडे तापूनच जातात. हँडल काढण्याआधी दांड्यामागचा दाब उतरू द्या, नाहीतर गरम चोथा अंगावर उडतो.

राहिली ती ऑर्डर. तुमच्यासाठी बाहेरची यादी अशी होईल: ४९ किंवा ५१ चा पूर्ण सील किट, तोंडाची गॅस्केट, गरज असेल तर सेफ्टी व्हॉल्व्ह आणि हीटर. कंपनीच्या सुटे भाग वेगवेगळे दाखवणाऱ्या चित्रातला पार्ट नंबर लिहून मागवा, "जुन्या युरोपिकोलासाठी" एवढ्यावर नको. किट दोन घ्या, कुरिअरचा खर्च तोच राहतो. दुसरा अंधारात, बंद पिशवीत आणि ठिणग्या पडणाऱ्या विजेच्या मोटारीपासून लांब ठेवा, कारण त्या ठिणग्यांतून निघणारा ओझोन रबर चिरतो. कुरिअरने आणताना केवायसी मागतील, कागद आधीच तयार ठेवा. कुणी युरोपातून येत असेल तर त्यांच्याकडून आणणं सगळ्यात स्वस्त पडतं. हीटर सोडला तर सगळं खिशात मावेल एवढंच आहे.

एवढ्यात बास्केटचा आतला व्यास, दोन्ही हीटरचे ओहम आणि ग्रुप उघडल्यावर रॉडवर ओरखडा आहे का, या तीन गोष्टी कळवा. रॉड चांगला निघाला तर यादीतून अजून एक खर्च कमी होईल. ओरखडा निघाला तर नवी सील मागवण्याआधी रॉडचं बघावं लागेल.